रेक्टरबाईंचे टमाटे

वांगं उभं चिरून आत डोकावल्याशिवाय भाजायचं नाही, असा नियम उभ्या खानदेशात कुणी केला असेल तर तो आमच्या रेक्टरबाईंनी. धुळ्याच्या ज्या मुलींच्या वसतिगृहात मी कॉलेजची वर्षं काढली, तिथं हिवाळ्यात भरिताचा बेत ठरला की मुली खूश व्हायच्या आणि स्वयंपाकीण कपाळाला हात लावायची. सुलोचनाबाई, म्हणजे आमच्या रेक्टरबाई, ओट्याशी उभ्या राहून एकेक वांगं चिरायला लावायच्या. चिरलेल्या वांग्याचा रस आगीत गळून जायचा आणि भरीत कोरडं ठाक व्हायचं. कुणी कुरकुर केली तर बाई म्हणायच्या, "अळी आत भाजली जाते आणि तुम्ही ती मिटक्या मारत खाता. शी!"

हा 'शी' त्या तोंडानं कमी आणि नाकानं जास्त म्हणत. वरचा ओठ डावीकडं किंचित उचलला जाई, नाकपुड्या आवळल्या जात आणि मान मागं जाई. कमरेला खोचलेला रुमाल असे, त्यात कापराची वडी बांधलेली. दाराच्या कड्या त्या पदराच्या टोकानं उघडत. मुलींनी जेवणाआधी हात धुतले की नाही हे विचारत नसत, हाताचा वास घेत. कुणी तीन दिवस न्हाली नसेल तर जिन्यात तिला थांबवून सांगत. त्यांचं लग्न का झालं नाही याबद्दल वसतिगृहात एक गोष्ट सांगितली जाई: बघायला आलेल्या मुलानं बशीत चहा ओतून फुर्रकन ओढला आणि बाई पोह्यांची बशी तिथंच ठेवून आत निघून गेल्या. खरी होती की नाही कोण जाणे, पण बाईंना शोभणारी होती.

एक प्रसंग मात्र मी डोळ्यांनी पाहिला. माझ्या खोलीतली एक मुलगी तापानं फणफणली होती आणि सारखी उलट्या करत होती. बाई आल्या. दारातच थांबल्या. रुमाल नाकाशी धरून त्यांनी चोख व्यवस्था केली: रिक्षा मागवली, डॉक्टरला फोन केला, तिच्या घरी कळवलं. पण उंबरठा ओलांडला नाही. ती मुलगी "बाई, बाई" करत हात पुढं करत होती आणि बाई "हो, हो, रिक्षा येतेय" म्हणत मागं सरकत होत्या. सगळ्या जगाची किळस करणाऱ्या त्या बाईंचीच त्या दिवशी मला किळस आली.

लग्नानंतर मी जळगावला आले, इथल्याच एका शाळेत लागले. पुढं आम्ही पिंप्राळ्याच्या बाजूला एका कॉलनीत घर घेतलं, आणि सामान उतरवताना शेजारच्या फाटकाआडून आवाज आला, "विंचरलेले केस खिडकीतून टाकणारी ज्योती ना तू?"

रेक्टरबाई निवृत्त होऊन आमच्या शेजारी राहत होत्या. कॉलनीतले लोक त्यांना अक्का म्हणत, मी बाईच म्हणत राहिले. रुमाल तोच, कापूर तोच. आमच्याकडं येत, पण पाणीसुद्धा पीत नसत. आमच्याकडं अंडी होतात, हे त्यांना वासावरून पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

टमाट्यांचं प्रकरण सुरू झालं ते एका हातगाडीपासून. आमच्या गल्लीत येणारा भाजीवाला उन्हात घाम पुसायचा त्याच ओल्या फडक्यानं टमाटे चकचकीत करायचा. बाईंनी हे गॅलरीतून पाहिलं आणि त्याला भर गल्लीत झापलं. तोवर उशीर झाला होता, त्याचे टमाटे त्यांच्या घरात होते. त्यांनी ते मिठाच्या पाण्यात, मग गरम पाण्यात धुतले आणि एक कापला. थोड्या वेळानं त्या ताटली हातभर लांब धरून माझ्या दारात आल्या.

"हे काय आहे?"

टमाट्याच्या पोटात बिया उगवल्या होत्या. पांढरे, बारीक, वळलेले कोंब गरातून वर आले होते.

"बाई, बी रुजलंय आत. जुना टमाटा असला की होतं असं."

"आत? फळाच्या पोटात?" त्यांनी तोंड फिरवलं. "वळवळतंय ते."

"वळवळत नाहीये, बाई."

"वळवळणार होतं. शी! आता बस झालं. मी घरी लावते. स्वच्छ टमाटे."

'स्वच्छ टमाटे' हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जणू आजवर जगात झाले ते सगळे टमाटे अस्वच्छच होते. बाईंनी आयुष्यात तुळशीखेरीज काही लावलं नव्हतं. तुळशीलासुद्धा मुंग्या लागल्या म्हणून तिची दोनदा हकालपट्टी झालेली.

पावसाळा संपत आला होता. त्यांनी गच्चीवर नवीन कुंड्या मांडल्या. माती आली ती पोत्यातून, आणि पोतं उघडताच तिच्यातून एक गांडूळ निघालं. बाईंनी ती सगळी माती लोखंडी कढईत भाजली. गल्लीत दोन दिवस जळक्या मातीचा वास येत होता. शेणखत वापरायचा प्रश्नच नव्हता. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांची मुळं त्यांनी नळाखाली चोळून धुतली, सांडशीनं उचलून मातीत बसवली आणि हातात रबरी मोजे घालून रोज सकाळ-संध्याकाळ भरपूर पाणी घातलं. रोपं पिवळी पडली. मग पानांखाली पांढरी माशी आली. हात लावला की राखेसारखी उडायची आणि बाईंच्या चष्म्यावर, ओठांवर बसायची. बाई किंचाळत खाली आल्या आणि फिनेलची बाटली घेऊन वर गेल्या.

दुसऱ्या दिवशी सगळी रोपं काळी पडून झोपली होती. मी बघायला गेले तेव्हा बाई मोजे घातलेल्या हातानं एक रोप उपटत होत्या. कुजलेलं मूळ तुटून कुंडीतच राहिलं आणि वर जो वास आला तो फिनेलचा आणि सडक्या पाण्याचा मिळून एक होता. मीही नाक दाबलं.

"इतकं स्वच्छ ठेवलं," बाई म्हणाल्या, "आणि मेली ती घाणीतच."

माझ्या नवऱ्यानं त्यांना सांगितलं, की माती मेलेली असेल तर रोप जगायचं नाही, शेणखत घालाच. मग कॉलनीमागच्या गोठ्यातून एक टोपलं कुजलेलं शेणखत आलं. ते फोडताना त्यातून अंगठ्याएवढी पांढरी, चंद्रकोरीसारखी वळलेली हुमणी अळी बाहेर पडली. तिचं पोट पारदर्शक होतं, आतलं काळं दिसत होतं. त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. पण खत टाकून दिलं नाही. चाळलं, आणि दुसऱ्यांदा रोपं लावली.

याच सुमारास सुपडूभाऊ आले.

सुपडूभाऊ हे बाईंचे धाकटे भाऊ. सोनगीरला हायवेच्या कडेला त्यांची पानटपरी होती. ट्रकवाले थांबायचे, भाऊ त्यांना गुटख्याच्या पुड्या द्यायचे आणि एक आपल्या तोंडात टाकायचे. बाई त्यांच्या घरी वर्षातून एकदा, भाऊबीजेला जात आणि ओवाळून न जेवता परत येत. भिंतीवरच्या पिचकाऱ्या बघून त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. भाऊंना तोंडाचा कॅन्सर झाला. उजवा जबडा काढला. नंतर रेडिएशनचे शेक दिले, त्यात गालाची कातडी गेली आणि आरपार भोक पडलं. ते बुजलंच नाही. नाकातून घातलेल्या नळीनं पेज जाई, आणि गालातून दिवसभर लाळ आणि पू गळत राही. त्यांचा मुलगा हेमंत सुरतेत नोकरीला होता. त्यानं बापाला काही दिवस सांभाळलं, मग एका रविवारी गाडीतून आणून बाईंच्या फाटकाशी उतरवलं.

"महिनाभर ठेव आत्या," तो म्हणाला. "फ्लॅट लहान आहे. वास... म्हणजे लहान मुलं आहेत घरात."

बाईंनी भावाला गच्चीवरची खोली दिली. कारण सांगितलं, वर हवा खेळती राहील. खरं कारण सगळ्यांना कळत होतं. तो वास जिन्यातून खाली यायचाच. सडक्या मांसाचा वास एकदा नाकात बसला की तो साबणानं, उदबत्तीनं, कशानं जात नाही. पट्टी बदलायला नर्स लावली होती. ती आठवडाभर आली, मग येईनाशी झाली. दुसरी आली, तिनं एकदाच खोलीत पाऊल टाकलं.

तीही गेल्यावर तिसऱ्या दिवशी बाई स्वतः वर गेल्या.

मी गच्चीवर त्यांच्या रोपांना काठ्या बांधायला मदत करत होते. दार उघडं होतं. सुपडूभाऊ खुर्चीत बसले होते. त्यांना बोलायचं असलं की गालावर तळहात दाबून धरावा लागे, म्हणजे हवा भोकातून निसटत नसे. बाई आयुष्यभर आमच्याशी छापील मराठीत बोलल्या. भावाशी त्या अहिराणीत बोलतात हे मला तेव्हा कळलं.

"अक्का, मना वास येस ना?" भाऊंनी विचारलं.

"येस," बाई म्हणाल्या.

"मंग तू जाय ना बाहेर."

"मी जासू. पहिले तुनं आटपू दे."

त्यांनी रुमाल नाकाला बांधला होता. पट्टीची गाठ लवकर सुटेना. जखम उघडी पडली तशी त्या झटक्यानं बाहेर आल्या, कुंड्यांजवळ उकिडव्या बसल्या आणि उमासे काढू लागल्या. आधारासाठी हाताला लागलं ते टमाट्याचं झाड. पानं मुठीत चुरडली गेली. तो हिरवा, उग्र, नाकात शिरणारा वास. पहिल्यांदा रोपं लावली तेव्हा "मांजर मुतल्यासारखा वास येतो" म्हणून बाईंनी त्याची निंदा केली होती. आता त्या मूठ नाकाशी धरून तसाच श्वास घेत राहिल्या. मग उठल्या. रुमालातली कापराची वडी काढून टाकली, चुरडलेली पानं त्यात बांधली आणि परत आत गेल्या.

त्या दिवसापासून पट्टीची वेळ झाली की आधी टमाट्याची पानं तोडायची, ती चोळायची, मग आत जायचं. झाडं जगवणं आता त्यांना भाग होतं.

भाऊंनाही शेतीतलं ओ की ठो कळत नव्हतं. दोघं बहीण-भाऊ सारखेच अडाणी. पण बाईंना जे हाताळायला नको असे, ते भाऊंना चाले. पानांवर हिरव्या अळ्या आल्या, टमाट्याला भोक पाडून अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. बाई लांबून बोट दाखवत, भाऊ ती ओढून चपलेखाली चिरडत. फरशीवर हिरवट रेंदा पसरे आणि बाईंचा 'शी' गल्लीत ऐकू येई.

"इतली का घाण शे?" भाऊ गाल दाबून म्हणत. "माले पाहीसन तरी तुले सवय व्हवाले पाहिजे व्हती."

चेष्टा होती, पण ऐकवत नसे. बाईंनाही ऐकवली नसावी. पुढं त्यांनी एका डब्यात साबणाचं पाणी घेतलं, एक लांब चिमटा घेतला आणि अळ्या स्वतः वेचून त्यात टाकायला सुरुवात केली. प्रत्येक वेळी ओठ डावीकडं उचललेला. मोजे मात्र गेले, मोज्यांनी अळी धरता येत नाही, निसटते. झाडाला सारखा हात लागून बोटांवर हिरवट काळी पुटं चढत. साबण लावला की फेस पिवळा-हिरवा होई आणि तरी रंग जात नसे. मुलींच्या हातांचे वास घेत फिरलेल्या बाई आपले ते हात बघत नळाशी उभ्या राहत.

एकदा भाऊंनी पहिल्या रोपांचं काय झालं ते विचारलं. बाईंनी फिनेलची गोष्ट सांगितली.

"झाडले फिनेल पाजं?" भाऊंचे खांदे हलले. हसू चेहऱ्याच्या एकाच बाजूला येई, दुसरी बाजू पट्टीखाली. मग ते थांबले. "मीबी टपरीवर बठ्ठासले तेच पाजं, अक्का."

बठ्ठासले म्हणजे सगळ्यांना. टपरी आणि पुड्या हा विषय त्यांनी भावापुढं पुन्हा काढला नाही. आधी त्यांनी तो आयुष्यभर काढला होता.

झाडांना फुलं आली, गळली, पुन्हा आली. रोज ढीगभर पाणी ओतणं चुकतं आणि दोन दिवस विसरून तिसऱ्या दिवशी ओतणं त्याहून चुकतं, हे बाईंना फळांनी शिकवलं. पहिले टमाटे हिरवे असतानाच बुडाशी काळे पडले. वरून छान, आणि उलटून बघितलं तर खाली चामड्यासारखा काळा, खोलगट डाग. आतून सडलेलं. कुणीतरी सांगितलं, चुन्याचा अंश कमी पडतो, अंड्याची टरफलं कुटून घाला.

एका संध्याकाळी बाई माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी आल्या. इकडंतिकडं पाहिलं.

"ज्योती, तुमच्याकडं ते... असतं ना?"

"काय, बाई?"

"ते पांढरं गं. वरचं."

"चुना?"

"चुना नाही." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "त्याचं कवच. तुम्ही जे खाता त्याचं."

मी टरफलं धुऊन, वाळवून, कुटून, कागदात बांधून दिली. तरी त्यांनी पुडी सांडशीत धरून नेली. टरफलांनी झालं की पाणी बेतानं घातल्यामुळं कोण जाणे, नंतरचे टमाटे बुडाशी लाल झाले.

याच दिवसांत एका सकाळी शाळेला सुट्टी होती म्हणून मी घरी होते. बाई दारात उभ्या होत्या. ओठ पांढरे पडले होते.

"ज्योती, अळ्या."

"परत आल्या? कुठल्या झाडावर?"

त्यांनी नुसती मान हलवली. झाडावर नाही.

मी त्यांच्यामागोमाग वर गेले. पट्टी अर्धी सुटलेली होती. जखमेच्या कडेला काहीतरी पांढरं हलत होतं. यावेळी ते खरंच वळवळत होतं. पट्टीच्या कडेतून माशी कधी शिरली असेल, कुणाला कळलं नव्हतं. सुपडूभाऊ डोळे मिटून खुर्चीचे हात आवळून बसले होते. ते आतून कुरतडत होतं, आणि त्यांना ते जाणवत होतं.

जवळच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी टर्पेंटाइन सोडलं, तशा अळ्या आतून वर यायला लागल्या. मदतीला असलेली मुलगी तोंडावर हात दाबून बाहेर पळाली. डॉक्टर एकेक काढू लागले, पण बाहेर पेशंटची रांग होती, फोन वाजत होता, आणि ते सारखे दाराकडं बघत होते.

"चिमटा द्या इकडं," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला जमेल? नातेवाइकांना सहसा..."

"मला किळस येते," बाई म्हणाल्या. "पण जमेल."

मी मोबाईलचा उजेड धरून उभी होते. बाई वाकल्या. रुमाल घरी राहिला होता, टमाट्याची पानंही. उघड्या नाकानं, फूटभर अंतरावरून त्यांनी त्या भोकात पाहिलं आणि पहिली अळी चिमट्यात धरून ओढली. ती आखडून आत जायला बघत होती. बाईंनी घाई केली नाही. ओढली, ताटलीत टाकली आणि म्हणाल्या, "शी."

मग दुसरी. "शी." मग तिसरी. प्रत्येक अळीमागं एक शी, नामस्मरणासारखा. मी मान फिरवली होती, उजेड हलला की बाई नुसत्या "ज्योती" म्हणत आणि मी हात परत सरळ करी. मध्येच भाऊंचे खांदे हलायला लागले. वाटलं, रडताहेत. पाहिलं तर डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहऱ्याची एक बाजू हसत होती. आयुष्यभर ज्या शब्दानं बहीण त्यांच्या घरातून उठून जायची, तोच शब्द म्हणत ती त्यांच्या गालात डोकं खुपसून बसली होती.

काम संपल्यावर बाई बाहेरच्या बेसिनपाशी गेल्या, पोट रिकामं होईपर्यंत ओकल्या, चूळ भरली, हात धुतले आणि आत येऊन डॉक्टरांना विचारलं, "एखादी राहिली का बघा."

संक्रांतीच्या सुमाराला झाडं लालेलाल झाली. भाऊंनी टमाट्याचं सार मागितलं. बाईंनी टमाटे उकडले, सालं काढली, मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळलं, थंड केलं आणि नळीत सोडलं. नळीतून पोटात गेलेल्याला कसली चव? मग एकाएकी भाऊंना ढेकर आला. मोठा, ओला ढेकर. त्यांनी गाल दाबला.

"अक्का! ढेकरमां आंबट येस! टमाटानं!"

"शी, सुपडू!" बाई ओरडल्या. आणि रोज सार करू लागल्या.

हेमंत आला तो त्यानंतर. नवीन गाडी, बायको सोबत. बापाला भेटायला आला असं फोनवर म्हणाला होता. गच्चीवर आल्यावर त्यानं तोंडाला मास्क लावला आणि कुंड्यांपाशी थांबला.

"आत्या, काय टमाटे आलेत! ऑरगॅनिक ना?"

त्याच्या बायकोनं झाडांजवळ उभं राहून फोटो काढून घेतला. मागं खोलीचं दार येत होतं म्हणून जागा बदलली, पुन्हा काढला. हेमंतनं खिशातून पिशवी काढली आणि निवडून निवडून लाल टमाटे तोडायला लागला. पिशवी भरली.

"बाबा झोपले असतील ना? उगाच उठवायला नको."

"जागा आहे तो," बाई म्हणाल्या. "कालपासून तुझी वाट बघतोय."

"हो, पण त्यांना आराम..."

"आत जा, हेमंत."

तो गेला. उंबरठ्यापर्यंत. आतून भाऊंनी त्याला पाहून हात पुढं केला असणार, कारण हेमंत "हां बाबा, हां बाबा" म्हणत मागं सरकायला लागला. मग त्यानं मास्क खाली ओढला आणि दाराशेजारीच भडाभडा ओकला.

बाई खाली गेल्या. बादली आणि फडकं घेऊन आल्या आणि त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"पूस."

"आत्या, मी पुसते ना," सूनबाई पुढं झाली.

"तू थांब. ओकारी त्याची आहे."

आतून भाऊंचा आवाज आला, गाल नीट दाबला न गेल्यामुळं फाटलेला. "अक्का, ऱ्हाऊ दे. पोऱ्या शे."

"पोऱ्या शे म्हणीसनच," बाई म्हणाल्या आणि हलल्या नाहीत.

हेमंतनं पुसलं. तोंड फिरवून, दोन बोटांत फडकं धरून, ओठ डावीकडं उचलून. तो ओठ हुबेहूब बाईंचा होता. आत्यावर गेलेला. बाईंनाही ते दिसलं असावं, कारण त्या एकाएकी खाली बसल्या, त्याच्या हातातून फडकं घेतलं आणि उरलेलं त्यांनीच साफ केलं. हात धुऊन मग त्याला दंडाला धरून खोलीत नेलं. तो आत किती थांबला मला माहीत नाही. मी तोवर गच्चीवरून खाली आले होते. गाडी गेल्याचा आवाज मात्र लवकरच आला.

टमाट्यांची पिशवी कुंड्यांपाशीच राहिली. कुणी तिला हात लावला नाही. आतले टमाटे फुटले, चिलटं घोंगावायला लागली. शेवटी मीच ती कचऱ्याच्या गाडीत टाकली. तळातून गळलेलं पाणी माझ्या पायावर सांडलं, आणि दिवसभर वर्गात शिकवताना मला त्या आंबूस वासाबरोबर हेमंतच्या बायकोचा तो फोटो आठवत राहिला.

थंडी ओसरली आणि सुपडूभाऊ गेले. सकाळी हेमंत पोचायच्या आधी बाईंनी त्यांना पुसून काढलं आणि गालावर कोरी पट्टी बांधली. कुणीतरी म्हणालं, आता कशाला? बाई म्हणाल्या, "असा उघडा नाही पाठवायचा त्याला." रुमाल कमरेलाच होता, नाकाशी गेला नाही. पण ओठ उचललेला होता. लोक नंतर सांगायला लागले की अक्कांची किळस गेली, भावानं त्यांना बदललं. मला तसं दिसलं नाही. त्या बाईंना शेवटच्या पट्टीपर्यंत किळस येतच होती. हातही थांबला नव्हता.

उन्हाळा लागला. जळगावच्या उन्हात झाडं आठवड्यात वाळली. पुन्हा लावणार का, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, त्यांच्या थोरल्या बहिणीनं चोपड्याला अंथरूण धरलंय, सगळं जागेवरच करावं लागतं, सुना कंटाळल्यात. "तिकडं जाते. तिथंही तेच आहे सगळं. शी," असं म्हणून त्यांनी पेटीला कुलूप लावलं.

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. चोपड्याची एसटी लागलेली होती. बाईंनी सीट रुमालानं पुसली, वर्तमानपत्र पसरलं, खिडकीखालच्या लाल पिचकाऱ्या बघून अंग आखडून बसल्या. पुढच्या सीटवर एक तरणाबांड माणूस होता. त्यानं दातांनी पुडी फाडली, तोंडात ओतली. मी खाली उभी होते. वाटलं, आता बाई उठून जागा बदलणार.

बाईंनी त्याच्या खांद्यावर बोटानं टकटक केलं.

"तोंड उघड," त्या म्हणाल्या.

"काय?"

"थुंकून ये, आणि तोंड उघड. मला बघू दे."

तो गोंधळला. बाईंच्या आवाजात वसतिगृहाची जरब होती. त्यानं खिडकीतून बाहेर थुंकलं, माझ्या पायांपासून हातभर अंतरावर. मी मागं सरले. इंजिन सुरू झालं, कंडक्टरनं घंटा ओढली. गाडी वळली तेव्हा खिडकीत मला दिसलं ते एवढंच: तो माणूस मान वर करून जमेल तेवढं तोंड उघडून बसला होता, आणि बाई सीटच्या दांड्याला धरून त्याच्यावर वाकल्या होत्या, नाकपुड्या आवळून, त्या लाल तोंडात अगदी जवळून बघत.